शनिवार तेल्यांची परीक्षा

रविवारची सकाळ म्हटली की मराठी घरात पोहे आलेच. कांदेपोहे, दडपे पोहे, दहीपोहे. प्रत्येक घराची रीत वेगळी आणि प्रत्येकाला आपलीच रीत खरी वाटते. पण पोह्यांचा एक प्रकार असा आहे, जो बहुतेकांनी चाखलेला नसतो. पोहे भिजवायचे, त्यात साखर आणि ओले खोबरे घालायचे, वेलची आणि सुका मेवा घालायचा, भोवती फळे मांडायची, आणि ते ताट समोर ठेवून प्रार्थना म्हणायची. प्रार्थना हिब्रू भाषेतली. ज्या प्रेषिताच्या नावाने ती म्हणायची त्याचे नाव एलियाहू हन्नबी. आणि त्या पदार्थाचे नाव मलिदा.

हे ताट अलिबाग-पेणच्या जुन्या घरांतून पूर्वी मांडले जाई. ठाण्या-मुंबईत ते आजही मांडले जाते आणि इस्रायलमधल्या दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांतही मांडले जाते. मांडणारे लोक आहेत बेने इस्रायल, म्हणजे ‘इस्रायलची लेकरे’. आडनावे पेणकर, रोहेकर, चेऊलकर, किहीमकर, दिवेकर. मातृभाषा मराठी. धर्म यहुदी.

जग जवळ आले, सीमा पुसट झाल्या, माणसे इथून तिथे जाऊ लागली, असे आपण रोज ऐकतो. आता संस्कृतीचे, अस्मितेचे काय होणार, असा प्रश्नही त्याच्या पाठोपाठ येतो. या प्रश्नावर पुस्तकी चर्चा पुष्कळ झाली आहे. पण आपल्याच अंगणातल्या या छोट्याशा समाजाची कथा त्या प्रश्नाबद्दल जे सांगते, ते अनेक परिसंवादांतून हाती लागत नाही. ही कथा परीक्षांची आहे. ‘तुम्ही कोण?’ हा एकच प्रश्न या माणसांना वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी विचारला. प्रश्न तोच होता. विचारणारा बदलला की त्याचे उत्तर मात्र बदलत गेले.

घाणा बंद असण्याचा दिवस

समाजाची परंपरा सांगते ती गोष्ट अशी. फार प्राचीन काळी यहुद्यांचे एक गलबत कोकण किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या नवगावपाशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेली प्रेते त्यांनी नवगावात पुरली. ती जागा आजही दाखवली जाते आणि तिथे स्मारकही उभे आहे. धर्मग्रंथ पाण्यात गेले, भाषा पुढच्या पिढ्यांत विसरली गेली. ही घटना नेमकी केव्हा घडली, याला लेखी पुरावा नाही. पण हा समाज पूर्वी हनुक्का हा सण पाळत नसे, आणि हनुक्काचा उगम इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. तेव्हा आमचे पूर्वज त्याआधीच निघाले असले पाहिजेत, असे समाजातली जुनी माणसे सांगत.

वाचलेल्यांच्या वंशजांनी तेल गाळण्याचा धंदा धरला. कोकणात तेली होतेच. पण हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गावाने त्यांना नाव दिले ‘शनिवार तेली’. हे नाव जरा निरखून पाहण्यासारखे आहे. शेजाऱ्यांनी त्यांच्या देवाची चौकशी केली नाही, ग्रंथ मागितला नाही. तुमचा घाणा कोणत्या दिवशी बंद असतो, एवढे पाहिले आणि तेवढ्यावर त्यांची ओळख निश्चित केली.

यात कोकणाच्या उदारपणाचा गौरव करण्याचा मोह होतो. तो थोडा आवरला पाहिजे. जातिव्यवस्थेत नव्या माणसाला एक कप्पा मिळतो. त्या कप्प्यात तो सुखाने राहू शकतो; पण दुसऱ्याच्या पंगतीला बसू शकत नाही. बेने इस्रायल समाजाला तो कप्पा मिळाला आणि त्यांनी त्याची रीतही उचलली. त्यांच्यातही ‘गोरे इस्रायल’ आणि ‘काळे इस्रायल’ असे दोन भाग होते आणि त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. शेजाऱ्यांकडून माणूस खाणेपिणे शिकतो, तसा भेदही शिकतो. एवढे मात्र खरे की, त्यांचा धर्म पाहून त्यांच्या वाटेला कोणी गेले नाही. जगभरच्या यहुद्यांच्या इतिहासात असे वाक्य फार थोड्या ठिकाणी लिहिता येते.

माशांची टोपली

पुढे एक परका यहुदी कोकणात आला. त्याचे नाव डेव्हिड रहाबी. समाजाची परंपरा त्याला कित्येक शतके मागे नेते. काही अभ्यासकांच्या मते तो अठराव्या शतकातल्या कोचीनच्या प्रसिद्ध रहाबी घराण्यातला. शनिवार पाळणारे, मुलांची सुंता करणारे हे तेली खरोखर यहुदी आहेत का, अशी शंका त्याला आली. त्यांना हिब्रू येत नव्हते. ‘शमा’ ही एकच प्रार्थना त्यांच्या स्मरणात उरली होती आणि जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी ते तीच म्हणत.

रहाबीने वेगळीच युक्ती केली, असे सांगतात. त्याने घरातल्या बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितले. बायकांनी मासे निवडले. ज्यांना पर आणि खवले आहेत ते एकीकडे ठेवले, बाकीचे बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, म्हणाल्या. यहुदी धर्मशास्त्राचा नियम नेमका हाच आहे. रहाबीची खात्री पटली. त्याने झिराड, राजपूरकर आणि शापूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्माचे शिक्षण दिले, आणि ते समाजाचे काझी झाले.

ही गोष्ट घडली तशी असेल किंवा नसेल. पण समाजाने ती पिढ्यान् पिढ्या सांगितली, यात तिचे मोल आहे. ग्रंथ गेला, भाषा गेली, तरी धर्म स्वयंपाकघरात शिल्लक राहिला आणि तो राखला बायकांनी, असे हा समाज स्वतःबद्दल सांगत आला आहे.

त्या स्वयंपाकघरात नारळ मोठ्या कामी आला. यहुदी धर्मात मांस आणि दूध एकत्र करायचे नाही, हा कडक नियम. युरोपातल्या यहुदी गृहिणीला त्यासाठी केवढी खटपट करावी लागे! कोकणातल्या बाईला ती लागली नाही. मटणाच्या रश्शाला नारळाचे दूध, गोडाधोडालाही नारळाचे दूध. नववर्षाला गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात शिजवलेला चिकाचा हलवा आजही होतो. परका धर्म आणि इथली माती यांची गाठ अशी रोजच्या जेवणात पडली आणि दोघांपैकी कोणालाच काही सोडावे लागले नाही.

सणांची जुनी नावे ऐकावीत. नव्याचा सण, खिरीचा सण, होळीचा सण. उपास आणि प्रायश्चित्ताचा जो सर्वांत पवित्र दिवस, त्या दिवशी पांढरे कपडे घालून, दारे लावून घरात बसायचे. म्हणून तो दारफळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शिळा सण. येरुशलेमचे मंदिर पडले त्या शोकाच्या दिवसाचे नाव बिर्ड्याचा रोजा. एलियाहूचा उरूस. ‘सण’ हिंदू शेजाऱ्याचा, ‘रोजा’, ‘उरूस’ आणि ‘काझी’ मुसलमान शेजाऱ्याचे, बिरडे कोकणातल्या वालाचे आणि शोक येरुशलेमचा. यातले ‘मूळ’ कोणते आणि ‘उसने’ कोणते, हे वेगळे काढायला बसलो तर हाती काहीच उरणार नाही.

मराठीतून हिब्रूकडे

अठराव्या शतकात हे लोक मुंबईकडे सरकू लागले. कंपनीच्या फौजेत भरती झाले. त्यांतल्या सामाजी हसाजी दिवेकर ऊर्फ सॅम्युएल दिवेकर यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. टिपूविरुद्धच्या लढाईत ते पकडले गेले. आख्यायिका अशी की, कैद्यांची जात विचारताना त्यांनी ‘बेने इस्रायल’ असे सांगितले. हे नाव कुराणात येते. टिपूच्या आईने ते ओळखले आणि त्यांचा जीव वाचला. सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात प्रार्थनामंदिर बांधले. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणू लागले. जवळच्या मस्जिद स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असेही सांगितले जाते. तुम्ही कोण, या प्रश्नाचे उत्तर इथे एका यहुद्याला मुसलमानांच्या ग्रंथाने दिले होते!

पुढचे उत्तर ख्रिस्ती मिशनऱ्यांकडून आले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायबलचा जुना करार मराठीत आणला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. हे लोक ख्रिस्ती होतील, अशी मिशनऱ्यांना आशा होती. झाले उलटेच. मराठीतून आपले ग्रंथ वाचता येऊ लागल्यावर बेने इस्रायल अधिक पक्के यहुदी झाले. वल्हांडणाच्या रात्री वाचायची ‘हग्गादा’ १८४६ साली मराठीसह मुंबईत छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रे आहेत, आणि त्या चित्रांत सणाच्या बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका चक्क साड्या नेसून बसल्या आहेत. जुन्या करारातल्या कथांवर मराठीतून कीर्तने होऊ लागली. वाद्ये आपली, चाली आपल्या आणि आख्यान योसेफाचे किंवा मोशेचे.

हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली समाजाच्या मुलांसाठी मुंबईत शाळा काढली. माझगावची सर एली कदूरी शाळा ती हीच. आज त्या शाळेत मुस्लिम मुले फार मोठ्या संख्येने शिकतात. समाज छोटा, पण त्यातून मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस आले, ज्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीकडून वरळीकडे जातो. स्त्रियांच्या आरोग्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉ. जेरुशा झिराड आल्या. त्यांना १९६६ साली पद्मश्री मिळाली. ‘बूट पॉलिश’मधला जॉन चाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, हे चेऊलकर. इंग्रजी कवितेला भारतीय वळण देणारे निस्सिम एझिकेल हेही याच समाजातले.

पण मुंबईत एक नवी परीक्षाही वाट पाहत होती. बगदादहून आलेले श्रीमंत यहुदी व्यापारी इथे स्थायिक झाले. सुरुवातीला दोन्ही समाजांचे प्रार्थनास्थान एक होते, दफनभूमीही एकच होती. पुढे बगदादींना या सावळ्या, मराठी बोलणाऱ्या धर्मबंधूंची लाज वाटू लागली. १८३६ साली त्यांनी दफनभूमीत मधोमध भिंत घालण्याची परवानगी सरकारकडे मागितली. त्यामागे गोऱ्या राज्यकर्त्यांच्या नजरेत आपण ‘नेटिव’ ठरू नये, ही धडपड होती. ज्या कोकणात कोणी धर्म विचारला नव्हता, तिथल्या लोकांना आता धर्मबंधूच रंग विचारत होते.

घरी परतलेल्यांना प्रश्न

१९४८ साली इस्रायल राष्ट्र जन्माला आले. १९५० साली त्या देशाने कायदा केला की, जगातल्या कोणत्याही यहुद्याला तिथे येऊन राहण्याचा हक्क आहे. त्या सुमारास भारतात बेने इस्रायल साधारण वीस हजार होते. त्यांना इथून कोणी हाकलले नव्हते. काहींना धर्माची ओढ होती. अनेकजण रेल्वे, पोस्ट, कस्टम्समधले नोकरदार होते आणि इंग्रज गेल्यानंतर आपले कसे होईल, अशी काळजी त्यांना होती. नातेवाईक निघाले म्हणूनही कित्येक निघाले. दोन हजार वर्षे ज्या येरुशलेमकडे तोंड करून प्रार्थना केली, तिथे आता बोटीने जाता येत होते.

नव्या देशाने त्यांना बहुतांशी वाळवंटाच्या कडेच्या, नव्याने वसवल्या जाणाऱ्या गावांत पाठवले. कारकुनी केलेल्या हातांत कुदळी आल्या. पावापेक्षा भाताची सवय असलेल्यांना परके अन्न मिळाले आणि रंगावरून टोमणेही ऐकावे लागले. १९५२ साली त्यांच्यातल्या काहींनी चक्क धरणे धरले आणि आम्हाला भारतात परत पाठवा, अशी मागणी केली. काहींना परत आणलेही गेले. त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे पुन्हा इस्रायलची वाट धरली. आपले घर नेमके कुठे, याचे उत्तर दोन्ही किनाऱ्यांवर अर्धे अर्धेच मिळत होते.

खरी परीक्षा पुढेच होती. इस्रायलमध्ये नोंदणी पद्धतीचा विवाह नाही. यहुद्यांचे लग्न लागते ते धर्मपीठाच्या अखत्यारीत. म्हणजे देशात प्रवेश सरकारने दिला, तरी लग्नाच्या दारावर पहारा रब्बींचा. बेने इस्रायल मुलामुलींची लग्ने लावायला काही रब्बींनी नकार दिला. प्रश्न प्रमुख धर्मपीठापुढे गेला. १९६१ साली निर्णय झाला की लग्नाला हरकत नाही. पण १९६२ साली मुख्य रब्बी यित्झाक निस्सिम यांनी आणखी सूचना काढल्या. बेने इस्रायल माणसाने दुसऱ्या यहुद्याशी लग्न करायचे असेल, तर आधी त्याच्या आईची, आईच्या आईची, अशी शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. कुळात कोणी परधर्मीय होते का? शास्त्रोक्त घटस्फोट न घेता कोणी दुसरे लग्न केले होते का?

कारण असे दिले गेले की, इतकी शतके शास्त्रापासून दूर राहिलेल्या या लोकांना घटस्फोटाचे नियम ठाऊक असणे शक्य नाही. म्हणजे त्यांच्यातल्या कोणाचा पुनर्विवाह अवैध ठरू शकतो आणि त्याचा डाग संततीला लागतो. या आक्षेपावर समाजाच्या बाजूने दिले गेलेले उत्तर आपण नीट ऐकण्यासारखे आहे. आमच्यात घटस्फोट जवळजवळ होतच नसत, असे ते उत्तर होते. कोकणातल्या शेजारपाजारी काडीमोड ही लाजेची गोष्ट होती आणि आम्हीही तसेच वागत आलो. शेजाऱ्यांची एक रूढी, जिने कित्येक बायकांना दुःखी संसारात जखडून ठेवले असेल, तीच आता कुळाच्या शुद्धतेचा पुरावा म्हणून पुढे करावी लागत होती. माणसाला दारात उभे करून पुरावा मागितला, की त्याला आपल्या संस्कृतीतले चांगले-वाईट निवडण्याची मुभाच राहत नाही. जे हाती लागेल ते दाखवावे लागते.

दोन वर्षे हा लढा चालला. निदर्शने झाली, धरणी झाली. ही माणसे सत्याग्रहाच्या देशातून गेली होती. अमेरिका-युरोपातल्या वर्तमानपत्रांनी प्रश्न उचलला. भारतातल्या समाजबांधवांनी निषेध केला. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेचे खास अधिवेशन भरले. पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने जाहीर केले की, बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत, विवाहासह सर्व बाबतींत समान आहेत. धर्मपीठाने आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव वगळले. सूचना मात्र पूर्ण गेल्या नाहीत. ज्यांच्या कुळाबद्दल शंका आहे त्यांची चौकशी करावी, अशा सर्वसाधारण शब्दांत त्या उरल्या. पुढे १९८४-८५ मध्ये इथिओपियाचे यहुदी इस्रायलमध्ये आले, तेव्हा त्यांनाही धर्मपीठाने शुद्धीचा विधी करायला सांगितले आणि त्यांनाही रस्त्यावर उतरावे लागले. नाव बदलले, रांग तीच राहिली.

धोरण म्हणजे नियम, आकडे, तक्ते, असा आपला समज असतो. खरे तर धोरण ही कोणाची तरी संस्कृतीच असते. तिच्यावर फक्त सरकारी शिक्का बसलेला असतो. माशांच्या टोपलीने जे एका दुपारी पटवले, ते दप्तरातल्या कागदांना दोन वर्षे पटले नाही. रहाबीने त्या बायका कशा जगतात हे पाहिले होते. धर्मपीठाला त्यांची वंशावळ पाहायची होती.

भारतीय होण्यासाठी परदेश

आता यातली गंमत पाहा. कोकणात हे लोक यहुदी होते. इस्रायलमध्ये गेल्यावर ते भारतीय झाले. हिब्रूत भारताला ‘होदू’ म्हणतात आणि भारतातून आलेला तो ‘होदी’. हे नाव कधी प्रेमाने आले, कधी हिणवण्यासाठी. समाजाने ते अंगाला लावून घेतले. लग्नाआधी मेंदीचा कार्यक्रम धूमधडाक्यात होऊ लागला. मलिद्याचे ताट घरातून सभागृहात आले. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक इस्रायलमधून निघू लागले. परक्या रांगेत उभे राहिल्यावरच आपल्या पदरात काय आहे ते माणूस चाचपतो. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत गणपती आणि नाटकांचा जो उत्साह दिसतो, त्याच्या मुळाशीही हेच असावे.

तरी भाषेपुढचा प्रश्न कठीण आहे. आजी मराठीत बोलते, मुलगी समजून घेते आणि हिब्रूत उत्तर देते, नातवाला ‘आजी’ हा शब्द आणि चार पदार्थांची नावे तेवढी येतात. शिकागोत, सिडनीत आणि खरे सांगायचे तर पुण्यातही हे चित्र आता अनोळखी राहिलेले नाही. बेने इस्रायल समाजाने एकदा हिब्रू गमावून धर्म राखला होता. आता मराठी गमावून काय राखता येईल, हे पुढच्या दोन पिढ्यांत ठरेल. माझा भरवसा स्वयंपाकघरावर जास्त आहे. पण आजीच्या हातचा चिकाचा हलवा भाषेशिवाय किती काळ तोच राहतो, हेही पाहावे लागेल.

दोन देशांतले दार १९९२ साली पूर्ण उघडले. भारताने इस्रायलला मान्यता १९५० सालीच दिली होती, पण पूर्ण राजनैतिक संबंध जोडायला बेचाळीस वर्षे गेली. त्यानंतर जाणे-येणे सोपे झाले. आज इस्रायलमध्ये भारतीय वंशाचे यहुदी सुमारे ८५ हजार आहेत असे सांगितले जाते. कोचीनचे आणि ईशान्य भारतातलेही त्यात आले. भारतात २०११ च्या जनगणनेत साऱ्या यहुद्यांची संख्या साडेचार हजारांच्या आसपास भरली. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. त्याआधी अर्जावर त्यांना ‘इतर’ या रकान्यात खूण करावी लागे. या भूमीवर कित्येक शतके राहिलेल्यांना स्वतःच्या नावाचा रकाना मिळायला एवढा काळ गेला, आणि मिळाला तेव्हा त्यात खूण करणारे फार थोडे उरले होते.

योगायोग असा की, त्याच २०१६ साली संशोधकांनी बेने इस्रायल समाजाच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अखेरची परीक्षा प्रयोगशाळेत झाली. निष्कर्ष काय निघाला? त्यांच्या रक्तात मध्यपूर्वेतल्या यहुद्यांचा ठळक वाटा आहे आणि भारतीय लोकांचाही तितकाच ठळक वाटा आहे. हे की ते, असे विचारणाऱ्यांना विज्ञानाने उत्तर दिले : दोन्ही. बिर्ड्याचा रोजा धरणाऱ्या बाईने हे उत्तर प्रयोगशाळेत न जाताही दिले असते.

दारावरचा पहारा

जग जवळ येण्याचा एक परिणाम मात्र मनाला टोचतो. मुंबईच्या प्रार्थनामंदिरांच्या दाराशी आता पोलिसांचा पहारा असतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाऊसमधले छबाड केंद्र लक्ष्य झाले. त्या केंद्राचा बेने इस्रायल समाजाशी थेट संबंध नव्हता, पण भीतीला असा फरक कळत नाही. पश्चिम आशियात काही घडले की मुंबईतल्या एखाद्या पेणकरांकडे लोक प्रश्नार्थक नजरेने पाहतात. ते पेणचे आहेत हे विसरून त्यांना तिथल्या राजकारणाचे समर्थक किंवा अपराधी ठरवले जाते. ज्या वैराचा कोकणात मागमूस नव्हता, ते आता वर्तमानपत्रांतून आणि हातातल्या पडद्यांवरून घरपोच येते. दूरच्या मालाबरोबर दूरचे पूर्वग्रहही आयात होतात, आणि त्यांच्यावर कोणी जकात बसवत नाही.

म्हणून या समाजाची कथा केवळ कौतुकाने सांगून थांबणे मला पुरेसे वाटत नाही. ‘आम्ही किती सहिष्णू होतो’ या वाक्यातला ‘होतो’ हा शब्द तपासला पाहिजे. आज आपणही पुष्कळ परीक्षा घेतो. शहरात घर भाड्याने देताना आडनाव विचारतो, मग त्या आडनावामागचे गाव, मग स्वयंपाकघरात काय शिजते ते. रहाबीनेही स्वयंपाकच पाहिला होता. फरक एवढाच की, त्याने टोपली पुढे ठेवली होती ती आपल्या माणसांची ओळख पटावी म्हणून. आपण बहुधा विचारतो ते नाही म्हणायला निमित्त मिळावे म्हणून. आणि आपलीच मुले परदेशात व्हिसाच्या रांगेत उभी असतात, घर शोधत असतात, तेव्हा त्यांना विचारलेल्या अशाच प्रश्नाने आपला जीव तुटतो.

अस्मिता जपायची असते, यात वाद नाही. प्रत्येकाला आपल्या रीतीचे पोहे प्रिय असणारच. पण बेने इस्रायल समाजाने ती जपली कशी, हेही पाहावे. त्यांनी मोशेला मुसाजी म्हटले, अब्राहामला आबाजी म्हटले आणि तरी शनिवार सोडला नाही. जे सोडायचे नाही ते थोडे होते आणि ठाम होते. बाकी सारे त्यांनी मोकळेपणाने घेतले, दिले, बदलले. जगाशी व्यवहार करताना याहून शहाणी रीत मला तरी दिसत नाही.

अलिबागपासून जवळ खंडाळे म्हणून गाव आहे. तिथे एक खडक आहे. एलियाहू हन्नबी तिथून रथात बसून स्वर्गात गेला आणि रथाच्या खुणा खडकावर उमटल्या, अशी बेने इस्रायल समाजाची श्रद्धा आहे. इस्रायलहून सुट्टीवर आलेली कुटुंबे तिथे आवर्जून जातात. ज्या पवित्र भूमीत एलियाहू जन्मला, तिथे राहणारी ही माणसे त्याचा माग काढत रायगड जिल्ह्यात येतात. खडकापाशी मलिद्याचे ताट मांडले जाते, प्रार्थना होते आणि मग प्रसाद हातावर पडतो. तो घेताना तिथे कोणी कोणाला आडनाव विचारत नाही.